गोळीनं उपास मोडत नाही

जुळे सोलापूर,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. उदयसिंह यास,
वैजयंतीआक्काचे आशीर्वाद. वि. वि. रागावले आहे, पण धाकट्याला आशीर्वाद देण्याची सवय सुटत नाही. फोन तू मध्येच कापतोस, म्हणून कागद घेतला.

अष्टमीची हकिगत तुझ्या अंकितानं सांगितली, तिचा फोन तू काढून घेण्याआधी. आरतीच्या वेळी आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, ती भलतंसलतं बोलू लागली आणि तुम्ही ठरवलं की देवी अंगात आली. मळवट भरून पाया पडलात. वर तू विचारलंस, की अंकिताला नर्सिंगला सोलापूरला पाठवू का. आई म्हणाली, पाठवू नको. तेवढ्यावर पोरीला मिळालेली कॉलेजची जागा तू सोडायला निघालास.

अरे, आईची साखर उतरली होती. नर्स म्हणून वॉर्डात अशी माणसं मी कितीतरी पाहिली. तिची ती मधुमेहाची छोटी गोळी जेवणाआधीची आहे. पोटात गेली की ती रक्तातली साखर खाली ओढते. वर भाकरी पडली तर ठीक, नाहीतर ओढतच राहते. नवरात्राच्या इतर दिवशी निदान भगर-शेंगदाणे तरी होते, अष्टमीला तेही नाही. पण गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घेतली, कारण गोळीनं उपास मोडत नाही म्हणे! रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी चालते म्हणून साखरेचीही चालते असं नाही. तुमच्या लेखी सगळ्या गोळ्या सारख्याच. तूही गुडघा दुखला की रिकाम्या पोटी पेनकिलर घेतोस, आणि मग पोटात आग पडते म्हणून मलाच फोन करतोस.

घरात एकटीला कळलं, ती अंकिता. आजी गिळू शकतेय हे बघून तिनं साखरपाणी पाजलं. बेशुद्धाच्या तोंडात काही ओतू नये, हेही तिला ठाऊक आहे. त्या पोरीच्या तू कानाखाली वाजवलीस, देवीला शिवली म्हणून. थोड्या वेळात देवी गेली असं तुम्ही म्हणता. साखरपाण्यानं जाणारी देवी मी तरी ऐकलेली नाही.

महिनाअखेरपर्यंत ती कॉलेजात हजर झाली नाही तर जागा जाईल. तिला पाठव. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.
वैजयंती

सांगोला,
१८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आक्कास,
उदयसिंहचा सा. न. वि. वि. आशीर्वाद पोचले, शिव्याही पोचल्या.

शहरात राहून तुला देवाधर्मातही आजार दिसायला लागला. सगळ्या गल्लीनं पाहिलंय. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी आई त्या दिवशी आवाज चढवून बोलली. ते काय गोळीनं झालं? पोरीवर हात उचलला ते चुकलं असेल, पण पोर माझी आहे.

आणि खरं सांगू? अण्णा गेले तेव्हा त्यांची लेक असून तू ड्यूटीवर होतीस. त्यांनी शेवटपर्यंत दाराकडं डोळे लावले होते. मला माझी पोर तशी व्हायला नको आहे.

तुझं समाधान व्हावं म्हणून आईची ती छोटी गोळी कालपासून बंद केली आहे. दाजींना नमस्कार. लहान भाऊ समजून बोललं-चाललं पोटात घालावं.
उदयसिंह

जुळे सोलापूर,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. उदयसिंह,
आशीर्वाद. गोळी बंद करायला तुला सांगितलं कुणी? उपाशीपोटी नको म्हटलं, तर तू सगळीच तोडलीस. साखर उतरली तर माणूस घटकाभरात हातचं जातं, चढत राहिली तर आधी डोळे जातात, मग मूत्रपिंडं. उद्याच आईला डॉक्टरांकडं ने. गोळी कोणती, किती आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते त्यांना विचार. तू ठरवू नकोस आणि इथं बसून मीही ठरवणार नाही.

अण्णांचं म्हणशील तर मी ड्यूटीवर होते, हे खरं आहे. ते मला रोज टोचतं. पण त्या दिवशी अण्णांच्या उशाशी बसलेल्यांपैकी कुणालाही कळलं नाही, की त्यांना होतंय काय. आता तसं कळणारं माणूस तुझ्या घरात जन्मलंय आणि तू त्याला मारतोस. आणखी लिहिलं तर तोंड सुटेल, म्हणून थांबते.
वैजयंती

सांगोला,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. वैजूस,
आईचा आशीर्वाद, जावयांनाही सांग. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे.

डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी गोळी कमी केली. आता ताट पुढ्यात आल्याशिवाय घेत नाही, आणि उपास नको म्हणून सांगितलंय.

तुम्ही दोघं माझ्यावरून भांडताय आणि मला एकानंही विचारलं नाही. तो म्हणतो देवी बोलली, तू म्हणतेस साखर. डोळ्यांपुढं अंधारी होती, पण उदयचं विचारणं मला ऐकू येत होतं. पाठवू नको म्हणाले ती मीच. सूनबाई दिवसभर शेतात असते, अंकिता गेली तर माझ्याशी बोलणार कोण, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा सुजलेला गाल बघितला आणि माझी मलाच चीड आली. उदयला सांगितलं, ते माझे शब्द होते, आता मीच सांगते, तिला पाठव. तर तो म्हणाला, "आई, देवीच्या शब्दापुढं तुझं काय चालतंय?" तेव्हापासून रोज सांगते, तो रोज हेच ऐकवतो. जन्मभर शुद्धीवर राहून बोलले ते या घरात कुणी कानावर घेतलं नाही. शुद्ध हरपल्यावर चार शब्द बोलले, ते मात्र पाया पडून ऐकले. मला लई राग आलाय, वैजू. शेजारची मायाक्का म्हणते, पुन्हा अंगात आल्यासारखं कर आणि पाठव म्हण, लगेच ऐकेल. तसलं सोंग मी करणार नाही.

आज उदय डाळिंबं घेऊन बाजाराला गेलाय. सूनबाईनं न सांगता पोरीची पिशवी भरली, दाखलेही काढून दिले. मी तिला एसटीत बसवून देते आणि हे पत्र तिच्याच हाती देते, म्हणजे तू वाचशील तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला जेवू घाल.

संध्याकाळी उदय आला की मी त्याला सांगणार आहे, तिला मी पाठवलं. देवीनं नाही, तू नाही, मी. तोवर मी नीट जेवलेली असेन.

लोभ आहेच.
तुझी आई,
बजाबाई