तीन काचा आणि एक तरवड

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. आजपासून मोबाईलचा कॅमेरा वर्ज्य. रानफुलाचा रंगीत फोटो काढणार, तोही शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीने. लाल, हिरवी, निळी काच लावून एकाच फुलाचे तीन काळे-पांढरे फोटो, मग त्या त्या रंगात एकावर एक. उजेड फक्त सूर्याचा. नगरच्या प्रदर्शनात जागाही मिळालीय. हे जमलंच पाहिजे, नाहीतर फसलेल्या मशरूम-शेतीवरून पडलेलं नाव सुटायचं नाही, जामखेडात मी मरेपर्यंत 'मशरूमवाले सर'.

७ सप्टेंबर
माळावरच्या वस्तीतल्या छबूबाईच्या बांधावर तरवड पिवळाधमक फुललाय. पण माळावर वारा. दर काचेला फूल वेगळ्या जागी. एका फुलाची तीन झाली, एक लाल, एक हिरवं, एक निळं. दोष फुलाचा. वारा कधी पडतो, छबूबाईला विचारलं. म्हणाली, "वारं काय मला इचारून येतंय व्हय, सर?"

१० सप्टेंबर
वारा नाही, ऊन स्वच्छ. निवेदिता म्हणाली, आजच काढून घ्या. बायकोला कोण समजावणार? पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत. सात तारखेचं धरायचं नाही, ती ट्रायल होती. मी विज्ञानाचा शिक्षक, हे असलं मानत नाही. पण रिस्क कशाला? घटस्थापनेचा मुहूर्त धरला.

१६ सप्टेंबर
ढग. प्रदर्शन भरवणाऱ्या भागवतांचा फोन. तेवीसला सकाळी फोटो हवाच. तयार आहे म्हणालो. तिन्ही काचा पुन्हा पुसून ठेवल्या.

२२ सप्टेंबर, सकाळी
घटस्थापना. वारा पडलेला. ऊन असं की बोलायची सोय नाही. निघालो.

दुपारी
बांधावर तरवड आहे, फुलं नाहीत. घटाला तरवडाची माळ लागते, हे जन्मभर बघत आलोय. आमच्या घटालाही तीच. अख्ख्या वस्तीने पहाटेच झाड ओरबाडलंय. मला रडू आलं, खरंच आलं. मग शेंड्याला एक तुरा दिसला. देवाचं नाव घेऊन स्टँड लावला. लाल काच, क्लिक. हिरवी काच पुसून मान वर करतो तर तुरा छबूबाईच्या पदरात. म्हणाली, "फोटू झाला ना, सर? माळंला येवढाच कमी पडत हुता."

२४ सप्टेंबर
प्रदर्शन. लाल काचेतला एकुलता फोटो काल दिला. काळा-पांढरा. खाली भागवतांनी आधीच छापून ठेवलेली पाटी, 'रंगीत छायाचित्रण, जुनी पद्धत'. लोक वाकवाकून रंग शोधत होते. मी दिवसभर शेजारी उभा राहून सांगत होतो की हे फूल पिवळं आहे. घसा बसला.

संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, तरवड पिवळाच असतो की, त्यात सांगायचं काय.