राक्षस-पकडची दुसरी पेटी

सोमवार, १३ ऑगस्ट १९८४

खेळ चांगला की वाईट, हे कुणी ठरवायचं? मला नाही सांगता येत.

‘राक्षस-पकड’ या पत्त्यांच्या खेळाच्या पहिल्या पेटीत पत्ते लढवून राक्षस गोळा करायचे. या नव्या पेटीत लढाईच नाही. राक्षसाच्या वतीने बोलायचं आणि त्याला सोडवायचं. सगळ्या पेपरांनी झोडपलं, नुसती बडबड म्हणून. आमच्या पेपरासाठी मी लिहीत होते ते परीक्षणही त्याच वळणावर होतं. काल खेळताना बाबांच्या वाट्याला एकडोळ्या राक्षसाचा पत्ता आला. कामठीला विणकामाच्या मागावर राबून घरी गप्प बसणारे बाबा! पत्ता धरून मला म्हणाले, “रातपाळी करू करू डोळा गेला माह्या. मले काहून पकडून राहिली वं बाई?”

आई खो खो हसली. मला हसू येईना. बाबांचे डोळे इतके लाल कधीपासून असतात? रात्रीच परीक्षण नव्याने लिहून काढलं.

आज संपादक म्हणाले, “साऱ्यांनी नावं ठेवली अन् तू कौतुक करून राहिली? बी.ए. झाली म्हणून? पुढचं परीक्षण दुसऱ्याले देईन, पाहा.”

माझं छापलेलं नाव बाबा मागावर सगळ्यांना दाखवतात. तरी कौतुक काढलं नाही. उलट एकडोळ्याचं बोलणं पहिल्या ओळीत घातलं आणि कागद संपादकांच्या टेबलावर ठेवून आले.