डाव्या बिजागरीचे स्क्रू

बाबा, नवा लॅपटॉप घरी आला त्याच दुपारी मी त्याचं खालचं झाकण उघडून बसले, आणि यात वेडेपणा नाही असं म्हणणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे तुम्ही. भिवंडीच्या कारखान्यात कापड विणायचा नवा लूम आला की शेठला नारळ फोडून लगेच चालू करायची घाई असायची, आणि तुम्ही पाना घेऊन त्याच्या पोटात शिरायचात. एकेक बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा, मग पिवळ्या ऑइलपेंटची बारीक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी सांगाड्यावर. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. अजून दिसतं, मी शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन आले आहे, कानांत बोटं घालून विचारते आहे, कंपनीनं आवळलेलं असतंच ना? "बाय, कंपनी आवळते ते ट्रकात चढवण्यापुरतं," तुम्ही लूमच्या खडखडाटात ओरडून सांगता, "चालवायचा हाय तर आपल्यालाच आवळाय लागतं."

तुम्ही गेल्यावर मी लूमला कधी हात लावला नाही, पण जगते लूमवरच. कोन गावातल्या घरी बसून लॅपटॉपवर कापडाची डिझाइनं करते, भिवंडीतले तीन-चार कारखाने ती विणतात. पहिला लॅपटॉप सात वर्षं टिकला. दोनदा पडला, कारखान्यांतून हिंडून त्याच्या पंख्यात सुताची धूळ साचली, तरी गडी चालत राहिला. नवा पातळ, देखणा आणि नाकात बोलणाऱ्या पाहुण्यासारखा नाजूक. म्हणून बिजागरीचे स्क्रू मी स्वतः आवळले, आणि ऑइलपेंट कुठून आणणार, लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. नवरा म्हणाला, "आता लॅपटॉपलाही कुंकू लावतेस का?" मी म्हटलं, हो, लावते.

अकराव्या महिन्यात डावी बिजागरी कडकन उखडली. आतली प्लॅस्टिकची बैठकच फुटली आणि स्क्रीन एका बाजूला लोंबू लागला. एका शेठचे लूम माझ्या डिझाइनसाठी थांबलेले, वॉरंटी संपायला जेमतेम महिना उरलेला, आणि दुसरा लॅपटॉप घरात नाही. हेल्पलाइनवरची बाई तीन दिवस मला लॅपटॉप बंद करून चालू करायला सांगत होती. अहो, बिजागरी मोडलीय, म्हटलं, ती बंद कशी करू? शेवटी रिक्षा करून कल्याणचं सर्व्हिस सेंटर गाठलं.

तिथल्या इंजिनियरनं झाकण काढलं आणि माझ्याकडे चोरी पकडल्यासारखं पाहिलं. "मॅडम, ये तो खोला हुआ है. वॉरंटी खतम."

"खोला मैंने ही है," मी म्हटलं. "आता नीट बघा. उजव्या बाजूचे दोन स्क्रू मी आवळलेत, त्यावर रेघ आहे. केसभर तरी हललीय का? आणि डाव्या बाजूला आहे रेघ? नाही ना? तिथे तुमच्या कंपनीनं आवळलंय. फुटलं काय, डावं की उजवं?"

त्यानं भिंग लावून पाहिलं, मग मोठ्या साहेबाला बोलावलं. साहेबांनी बराच वेळ त्या लाल रेघा न्याहाळल्या. "हे कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं. माझे वडील लूम फिटर होते, मी सांगितलं, आणि खरं सांगते बाबा, छाती फुगली माझी. साहेबांनी कागदावर कंपनीचा दोष असं लिहिलं. आठ दिवसांत पूर्ण नवी बॉडी बसून आली. तेव्हापासून शेजारपाजारी, फोनवर, कारखान्यात, जो भेटेल त्याला मी हा किस्सा रंगवून सांगते.

तुम्हाला मात्र पुढचंही सांगायला हवं. एका लूमचा ओतीव बिडाचा ब्रॅकेट तडकला होता तो दिवस आठवतो? शेठ कामगारांवर डाफरत होता, कुणी धक्का दिला म्हणून. तुम्ही वाकून पाहिलंत, उठलात, हात पुसलेत. "शेठ, माझ्या हातनं जास्त आवळला गेलाय." सगळ्यांसमोर झापलं त्यानं तुम्हाला, महिनाभर नव्या लूमजवळ फिरकू दिलं नाही. अंजूरला आपल्या घरी परतताना मी रिक्षात तुमच्यावर फुगून बसले होते. कुणालाच कळलं नसतं, मग सांगितलंत कशाला? "माझी रेघ व्हती ना तिथं," तुम्ही एवढंच म्हणालात, आणि मला तेव्हा तुमची लाज वाटली.

हे त्याच लॅपटॉपवर टाइप करते आहे, कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. डाव्या बाजूलाही माझ्या दोन रेघा होत्या, बाबा. एक स्क्रू मी प्लॅस्टिकला सोसणार नाही इतका पिळला होता, बिजागरी मोडल्यावर झाकण उघडल्याबरोबर मला ते कळलं. कल्याणला निघण्याआधी कापसाला रिमूव्हर लावून मी त्या दोन्ही पुसल्या आणि उजवीकडच्या मुद्दाम ठेवल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. लॅपटॉप आता झकास चालतो आहे. आतले स्क्रू पुन्हा कंपनीनंच आवळलेले आहेत, आणि महिना झाला तरी मी झाकण उघडलेलं नाही.