हाडाच्या पेशी

३ जून
आजपासून रोज लिहायचं. मूळपेशींना औषध घालून हाडाच्या पेशी बनवायच्या, एवढंच काम उरलंय. पेशी हाडाकडे वळल्या की एक एन्झाइम जोर धरतं आणि तपासणीचं पाणी पिवळं पडतं. की प्रबंध संपला.
बायकोला म्हणालो, बढती घेऊन परगावी जायची घाई करू नकोस, दोन महिन्यांत मी मोकळा. बरं म्हणाली. विश्वास आहे तिचा.

११ जून
पाणी पांढरंच. खिडकीशी धरलं तर किंचित पिवळसर. रंग मोजायचं मशीन शून्य दाखवतं. जुनं झालंय. शेजारच्या टेबलावरच्या ज्युनिअरला त्याच मशीनवर भरघोस आकडे मिळतात. नशीब एकेकाचं.

१९ जून
औषध चौपट केलं. गाइड मॅडमना विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट विचारायला मी काय पहिल्या वर्षाला आहे?
आईचा फोन. शेजारी विचारतात म्हणे, मुलगा अजून शिकतोच का. म्हणालो, याला संशोधन म्हणतात. ती म्हणाली, तेच सांगते रे, पण ते हसतात.

२० ते २७
लिहायला वेळ नाही. (झोपलो होतो.)

२८ जून
पेशींत चमकदार थेंब. कॅल्शियमच. एन्झाइम वाढायच्या आधीच कॅल्शियम म्हणजे नवा शोध. सोमवारी मॅडमना दाखवायचं. शर्ट इस्त्रीला टाकला.

१ जुलै, सोमवार
मॅडमनी मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं. मग एक लाल रंग घालायला लावला. थेंब लालभडक. तो रंग चरबीला चढतो. औषध किती घातलंस, विचारलं. सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाल्या की जास्त औषधानं पेशी चरबीकडे वळतात. आता त्यांचं हाड व्हायचं नाही.

२ जुलै
मग चरबीवरच प्रबंध लिहितो, म्हणालो. मॅडम म्हणाल्या, तो ज्युनिअरचा विषय आहे. मुदतवाढही आता मिळणार नाही.
घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगू.

६ जुलै
बायको उद्या सकाळी बढतीच्या गावी निघते. कधी ठरलं, विचारलं. म्हणाली, गेल्या आठवड्यात जेवताना सांगितलं होतं, तू मान हलवलीस. मीही येऊ का, म्हणालो. तिनं विचारलं, आणि तुझं काम?
तिच्या सुटकेसची चेन लागेना. वर बसलो. लागली.