धक्क्याची जीप

मुखेड, १४ नोव्हेंबर २०२४

सौ. सुमनबाई यांना पंचशीलाचा जयभीम, वि. वि.

फोन केला की तुम्ही तो लेकाच्या, धम्मानंदच्या हाती देता आणि जावईबापू हसून विषय बदलतात. म्हणून हे पत्र. तुम्हीच वाचा, त्यांना देऊ नका.

परवा दिपालीला बाळंतपणासाठी तुम्ही दोघं माझ्याकडे सोडायला आलात. भर आठवडी बाजारात जीप बंद पडली. मी मेथी घेत होते. वर पाहिलं तर माझी सातव्या महिन्यातली मुलगी जीपला खांदा लावून ढकलते आहे, आणि जावईबापू स्टिअरिंगवर बसून अजून थोडं, अजून थोडं म्हणून ओरडताहेत! मी जुडी टाकून धावले. पोचेपर्यंत जीप सुरू झाली होती आणि तुम्ही आत बसला होतात. दारात मुलीला उतरवून, चहासुद्धा न घेता निघालात ते बरं केलंत. माझ्या तोंडून काय निघालं असतं, सांगता येत नाही.

दिवाळीत नवी बॅटरी बसवली म्हणे. कशाला? चावी फिरवली की स्टार्टरची मोटार सुसाट फिरल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. बॅटरी मेलेली असती तर मोटार एवढी फिरलीच नसती. स्टार्टरची मोटार फिरते आणि इंजिन हलत नाही, म्हणजे मधला क्लच घसरतो. मोटारीवरचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनच्या मोठ्या चाकात अडकतं. त्यामागचा क्लच एकाच दिशेला पकडतो. इंजिन सुरू झालं की सोडून देतो, नाहीतर इंजिन उलट मोटारीलाच फिरवून जाळेल. आतले रोलर झिजले की पकड संपली. नांदेडला बी.एस्सी. होऊन चाळीस वर्षं झाली, पण एवढं अजून समजतं.

जीप चावीवर सुरू होईल तेव्हाच मुलगी आणि बाळ पाठवीन.

लोभ आहे, तो राहील की नाही, तुमच्यावर आहे.

पंचशीला

किल्लारी, २१ नोव्हेंबर २०२४

पंचशीलाताईंना सुमनचा जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही बारीला डोकं तापलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला मोटारीच्या आतलं दिसतं. जीपच्या पलीकडच्या अंगाला कोण होतं ते मात्र दिसलं न्हाई.

मी होते. ह्या गुडघ्यानं. वरीस झालं, भाड्याची ही जीप स्टँडवर पॅसेंजर ढकलतेत आन् घरून निघताना मी. त्या दिवशी बाजारात कुणी हात लावंना. दिपालीला आत बसवून मी एकटीच जोर लावून राहिले. ते बघून पोरगी उतरली. मी हाकललं तर म्हणाली, आई, तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण उचलणार. गाडी सुरू झाली तसं तिनंच मला आधी आत चढवलं. तवा तुम्ही आलात.

लेकाला लई सांगितलं. तो म्हणतो, ढकलली की सुरू होती ना, मग बिघाड कुठं हाय?

आन् चहाचं म्हणाल तर, तुमच्या दारात गाडी बंद केली असती तर परत कुणी ढकलायची?

रागवा, पण माया तोडू नका.

सुमन

मुखेड, २८ नोव्हेंबर २०२४

सुमनबाई, जयभीम.

दिपालीला विचारलं. तिनं खाली मान घालून हो म्हटलं. तुमच्यावरचा राग काढून घेतला आणि तो सगळा जावईबापूंवर टाकला आहे.

उद्यापासून जीपला बोट लावायचं नाही. ते ओरडले तर ओरडू द्या. स्टार्टर काढताना स्वतः उभ्या राहा. आधी बॅटरीची अर्थिंगची, वजा खुणेची तार सोडायला सांगा, नाहीतर पाना टेकून ठिणगी उडेल. नवा क्लच हातात घेऊन बघा. छोटं चाक एकीकडे फिरावं, दुसरीकडे अजिबात नाही. गुडघा शेका.

तुमचीच पंचशीला

किल्लारी, १२ डिसेंबर २०२४

पंचशीलाताई, जयभीम.

बोट लावलं न्हाई. जीप दारातच ऱ्हायली. पॅसेंजर दुसऱ्या गाड्यांत बसू लागले तवा लेकसाहेब जागे झाले.

औशाला मडिवाळप्पा मिस्त्रीकडं ओढून नेली. त्यानं तार सोडली, बोल्ट काढले, जड मोटार खालून हातावर झेलली. खोलून जुना क्लच काढला. तो दोन्हीकडं भिंगरीवाणी फिरला! नवा एकीकडंच फिरतो, मी फिरवून फिरवून बघितला. मिस्त्रीनं धम्मानंदला विचारलं, आई गॅरेज टाकून राहिली का? मोठ्या चाकाचे दाते शाबूत निघाले. आता चावी फिरवली की गाडी सुरू.

लेक म्हणाला, एवढंसंच होतं होय! ते ऐकून मला आणखीच राग आला.

दिपालीला जपा. माझी आठवण असू द्या.

सुमन

मुखेड, १६ मार्च २०२५

प्रिय सुमनबाई, सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र दिपालीजवळ देते. तिच्या कडेवर तुमची नात साक्षी असेल. रडली तर घाबरू नका, आवाज माझ्यावर गेला आहे.

जावईबापू आले. जीप एका चावीत सुरू झाली. मी बंद करायला लावली, परत सुरू करायला लावली. बिनतक्रार चालते. मग दिपालीला स्टिअरिंगवर बसवलं, गिअर न्यूट्रलला ठेवायला लावला, बाळ माझ्याकडे घेतलं आणि जावईबापूंना मागून ढकलायला सांगितलं.

ते म्हणाले, क्लच तर नवा आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे, ढकला.

बाजार भरला होता. मेथीवालीनं विचारलं, गाडीला काय झालं? मी सांगितलं, गाडीला काहीच झालेलं नाही. बाजारापलीकडच्या पिंपळापर्यंत जाईतो त्यांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला. तिथं थांबून त्यांनी मला हात जोडले, आता तरी चावी फिरवू द्या. मी म्हटलं, स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला विचारा.

दिपालीनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि सांगितलं, अजून थोडं.

गुडघा सांभाळा. लोभ होता त्याहून वाढला आहे, तो तुम्हीही वाढवा.

तुमची पंचशीला