शिवण माझीच

ता. ४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि हक्कसोडपत्राचा मसुदा, दोन्ही पोचलं. पत्र दोन ओळींचं आणि मसुदा सहा पानांचा, तेव्हाच ओळखलं की स्वारीने वकील गाठलाय.

मी सही केलेली नाही. गिऱ्हाइकाला अख्खं घर हवंय, हे कळलं. पण बाबा मृत्युपत्र न करता गेले आणि हिंदू वारसा कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच, एवढं मलाही आता ठाऊक झालंय. कायदा राहू दे. खालची बाइंडिंगची खोली गेली तर या वयात मी पुठ्ठे घेऊन जाऊ कुठे? लग्न केलं नाही, म्हणजे रुसून जायला सासरही नाही. तेवढी खोली मला सोड, वरचं सगळं खुशाल वीक.

सोबत एक पुस्तक पाठवतेय. माझी पत्रं तू घर बदलताना रद्दीत घातलीस, पण बाबांच्या शिस्तीने मी प्रत्येक पत्राची कार्बन नक्कल ठेवते. तुझी आणि माझी सगळी पत्रं ओळीने लावून बांधली आहेत. आपण कसे होतो ते जरा वाच. लहानपणी खळीच्या डब्यात बसून चिकटला होतास, त्याची आठवणही सापडेल. मुलांना गोड पापा.
तुझी,
ताई

ता. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पुस्तक मिळालं. एका बैठकीत वाचून काढलं. बाबा गेले त्या महिन्यातलं तुझं पत्र वाचताना डोळे भरून आले. माझी नोकरी सुटलेली, बाळ महिन्याचं, आणि तू लिहिलंस की घर सगळं तुझंच, मला दाभण आणि खळीचा डबा पुरे. मी हे विसरूनच गेलो होतो.

वकिलांनाही दाखवलं. फार महत्त्वाचं पत्र आहे, म्हणाले. तब्येतीला जप.
तुझा,
भाऊ

ता. १२ जुलै

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. समन्स मिळालं. पोस्टमनने सही घेतली आणि कसला कागद म्हणून विचारलं. भावाचा, एवढंच सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

माझ्या वकीलबाई म्हणतात की नोंदणी नसलेल्या पत्राने हक्क सुटत नाही. पण तुम्ही म्हणणार, वाटणी तोंडी तेव्हाच झाली होती आणि पत्र हा तिचा पुरावा. म्हणून साक्षीत मी सांगायचं, ते सहज लिहिलं होतं, मनात तसं काही नव्हतं. मनापासून लिहिलं असं मी म्हटलं, की खोली गेलीच समज.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण दोघंही वर्गात पहिले यायचो, काय उपयोग झाला? अजून दावा मागे घे रे. मला फार भीती वाटते.
तुझी,
ताई

ता. ३ नोव्हेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. काल कोर्टात तू समोर होतास, पण बोलता आलं नाही. तू वाळला आहेस.

तुझ्या वकिलांना ते पान सुटं करता आलं नाही, म्हणून अख्खं पुस्तकच दाखल झालं. त्यांनी विचारलं, अक्षर कोणाचं. माझं म्हटलं. शिवण कोणाची. शिवण माझीच. मग विचारलं, हे मनापासून लिहिलं होतं का. मी नाही म्हणाले. तेव्हा तू मान खाली घातलीस.

कालपासून ती मान डोळ्यांसमोरून हलत नाही. ताई तेव्हाही ओठात एक, पोटात एक ठेवून वागली, असं तुला वाटू नये. ते पत्र मी अगदी मनापासून लिहिलं होतं. तुझ्याकडे बघून तेव्हा खरंच वाटलं, सगळं द्यावं. आज तसं वाटत नाही, आज मला माझी खोली हवी आहे. पण तेव्हा वाटलं होतं, आणि काल मी शपथेवर खोटं बोलले.

निकालापर्यंत तुला ओळही लिहायची नाही, अशी वकीलबाईंची ताकीद आहे. हे त्यांना न सांगता लिहितेय. वाचून लगेच फाडून टाक. याची नक्कल मी ठेवलेली नाही.
तुझीच,
ताई

ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तू मनापासून लिहिलं होतंस हे वाचून फार बरं वाटलं. दोन दिवस ते खिशात घेऊन फिरलो. गिऱ्हाईक आता थांबायला तयार नाही आणि इथली जागाही महिनाअखेर सोडायची आहे. शेवटी पत्र वकिलांकडे दिलं. ते परवा दाखल करतील.

तू काळजी करू नकोस. तुझा दाभण आणि खळीचा डबा तुझ्याकडेच राहतील, हे मी त्यांना आवर्जून लिहून घ्यायला सांगितलं आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
भाऊ