शेवाळाचा पंचनामा

कळमनुरी,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनी हिस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वनरक्षक प्रशिक्षण केंद्रात तुमचे भ्रमणध्वनी केवळ रविवारी अर्धा तास बंधमुक्त होतात, आणि तो अर्धा तास तुझ्या मातोश्री निःशेष व्यापतात. तस्मात् मला लेखणीचा आश्रय घेणे प्राप्त आहे.

जनसामान्य ज्यास फिशटँक म्हणतात, त्या तुझ्या मत्स्यालयाचे पालकत्व मजकडे असल्याने पुढील अहवाल सविनय सादर. जाड पानांच्या त्या अनुबियास नामक वनस्पतीवर कृष्णवर्णी, केसाळ शेवाळाने आक्रमण केले असून प्रत्येक पानास माझ्याहून दाट दाढी फुटली आहे. जुन्या दंतकूर्चाने, अर्थात टूथब्रशने, मी ती खरवडली. चतुर्थ दिनी ती द्विगुणित होऊन प्रकटली. पृष्ठभागावर किंचित तेलकट तवंग आहे. तेराही गप्पी मासे मात्र सुदृढ आहेत. किंबहुना काहींना कचेरीतील वरिष्ठांस शोभेल अशी ढेरी सुटली आहे.

माझे सहकारी वसराम राठोड यांचे मत असे, की सर्व वनस्पती फेकून पात्र ब्लीचिंग पावडरने धुवावे; तदर्थ डबाही त्यांनी आणून दिला आहे. तुझे उत्तर पंधरा तारखेपर्यंत न आल्यास सोळा तारखेस त्या मताची अंमलबजावणी होईल.

खरी चिंता निराळी आहे. तू गेल्यापासून तुझ्या मातोश्रींचे वजन तीन किलोने उतरले. दुपारची भाकरी अर्धी तशीच उरते. विचारले तर म्हणतात, एकटीला घास जात न्हाई.

लोभ असावा हे पित्याने कन्येस लिहिणे नियमबाह्य आहे, तरी असावा.

तुझा,
बाबा


प्रशिक्षण केंद्र,
दि. १० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस प्रियदर्शनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र बराकीत मोठ्यानं वाचलं. माझ्या शेजारच्या खाटेवरची निलम तांड्यावरून आलेली आहे; ती म्हणाली, तुझे बाबा घरात चहा मागतात तरी कसा?

बाबा, ब्लीचिंगचा डबा आधी वसरामकाकांना परत द्या. तीन वर्षं पानापानानं वाढवलेलं आहे ते. केसाळ शेवाळ खरवडून जात नाही, त्याचं जेवण तोडावं लागतं. दिवा सहाच तास लावा. दर रविवारी दोन बादल्या पाणी काढून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घाला. फार माखलेली पानं कापून टाका. उरलेल्यांसाठी मेडिकलमधून जखम धुवायचं फेसाळ औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणा. झाड दगडासकट बाहेर काढून पानांना कुंचल्यानं लावा, दोन मिनिटांनी धुऊन परत ठेवा.

पण एक गोष्ट मला खटकून राहिली. मी दिवसातून एकदाच चिमूटभर खाणं सांगितलं होतं. एका चिमटीवर माशाला ढेरी येत नाही, आणि त्या खाण्यानं तेलाचा तवंगही येत नाही. तिथं कोणीतरी जास्तीचं टाकून राहिलंय. पंचनामा करा.

आईला पोटभर जेवायला सांगा. मी मजेत आहे.

तुमच्या लोभावरच इथली बेचव भाजी गिळणारी,
प्रियदर्शनी


कळमनुरी,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रियदर्शनी हिस आशीर्वाद. वि. वि.

पंचनामा पूर्ण झाला. प्रथम आरोपी मीच. कचेरीस निघताना एक चिमूट आणि परतल्यावर एक, असे द्विवार खाद्यदान मी करीत होतो. दारातून आत येताच ते तेरा जीव काचेपाशी धावतात. या घरात माझे इतके स्वागत अन्यत्र कोठेही होत नाही.

द्वितीय आरोपीचे नाव लिहिताना लेखणी अडखळते. काल शनिवारची सुट्टी होती. मी पडवीत वर्तमानपत्राआड होतो. तुझ्या मातोश्रींनी ताट घेऊन मत्स्यालयाजवळ पाट मांडला, तेल-तिखट लावलेल्या भाकरीचा पहिला घास मोडला, बोटांनी बारीक कुस्करला आणि पाण्यात सोडला. मग काचेकडे पाहून त्यांनी विचारले, की जेवली का माय. तदनंतरच त्यांनी स्वतःच्या मुखात घास घातला. सकाळच्या चहालाही हाच विधी असतो, असे बिस्किटाच्या चुऱ्यावरून सिद्ध झाले.

तुझ्या वनस्पतींवर जे उगवले आहे, ते या घासांवर पोसले आहे. एकोणतीस वर्षे मी इतरांच्या नावे निषेधाज्ञा टंकित करीत आलो. ही एक मला काढवेना. तो पहिला घास थांबवला तर आज जी अर्धी भाकरी जाते तीही त्यांच्या घशाखाली उतरणार नाही, हे मला स्वच्छ दिसते. मी पडवीतून पाऊल न वाजवता निघून गेलो.

वनस्पती वाचवाव्यात की घास, हा निर्णय तुझ्या अधिकारकक्षेत सोपवीत आहे.

लोभाचा अतिरेक झाल्याचे मान्य करणारा,
बाबा


प्रशिक्षण केंद्र,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

ती. आईस प्रियूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबांनी चुगली केली. त्यांच्यावर रागावू नको, ते स्वतःही चोरच आहेत.

आई, मासे माझा निरोप आणत नाहीत, लबाड आहेत. तुझा घास खाऊन गप्प बसतात आणि उरलेला शेवाळाला देतात. आता असं कर. ताट वाढलं, की आधी टाकीतलं एक तांब्या पाणी काढ आणि परसातल्या कढीपत्त्याला घाल. टाकीत तेवढंच साठवलेलं पाणी सोड. ते माझं जेवण समज. टाकीत घालायचं न्हाई, टाकीतून काढायचं. मग तू बस आणि अख्खी भाकरी खा.

आता माझीही चोरी सांगते. मजेत आहे म्हणून लिहिलं होतं, पण मीही अर्धं ताट टाकून उठते. भाजी वाईट आहे हे निमित्त. साडेबाराला आमची जेवणाची घंटा होते. तू साडेबाराला बसणार असशील, तर मीही ताट पुसून उठेन. कबूल असेल तर लिही.

तुझ्या हातच्या तिखटाला आचवलेली,
प्रियू


कळमनुरी,
दि. २० डिसेंबर २०२५

चि. प्रियूस आईचा आशीर्वाद.

तुझ्या बाबाला लिहू दिलं तर पोष्टमनला बी शब्दकोश घ्यावा लागंल, म्हणून मीच लिहून राहिले.

पहिले आठ दिवस लई तकलीफ झाली. मासे काचेला तोंड लावून बघायचे, मला घास जाईना. तांब्या घेऊन नुसती उभी राहायचे. मग साडेबारा वाजायचे, तू ताटावर बसली असशील असं वाटायचं अन् मी बी बसायचे. आता अख्खी भाकरी जाते. परवा तर दीड खाल्ली. डॉक्टरनं काट्यावर उभं केलं, दोन किलो परत आले.

कढीपत्ता खिडकीला टेकलाय. मासे बारीक झाले, पण पळतात बराबर. माशांच्या खाण्याचा डबा मी माझ्या कपाटात कुलपात ठेवलाय, कारण तुझे बाबा अजून चोरून हात घालत होते.

तुझ्या त्या झाडाला दोन नवी पानं आलीत. एकाला बी दाढी न्हाई. तू ताट पुसून उठते का, ते खरं लिही.

तुझी,
आई

ता. क. मातोश्रींच्या अनुज्ञेने चार ओळी. पेरॉक्साइडच्या लेपनाने शेवाळाने प्रथम गुलाबी वर्ण धारण केला, मग ते पांढरे पडून पंचत्व पावले. वसराम राठोड ब्लीचिंगचा डबा निमूट परत घेऊन गेले. एका दगडामागे मात्र कृष्णवर्णी केसांचा एक लहानसा झुपका मी जाणूनबुजून राखला आहे. तू आल्यावर तो दाखवीन. लोभ त्याच्यासारखा असावा, कितीही खरवडला तरी चौथ्या दिवशी उगवणारा.

बाबा